निद्रिस्त गिऱ्हाईक

विल्यांदीत नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात,
आणि मी दोन सॉफ्टवेअरं शेजारी शेजारी उघडून बसले आहे.
हिल्लार म्हणाला, शुक्रवारपर्यंत यातलं एक ठरव.
हिल्लार घर उबवणाऱ्या विटांच्या शेगड्या बांधतो,
भिंतीएवढ्या.
आधी त्याचा बाप बांधायचा, त्याआधी बापाचा मामा.
मी फक्त हिशेब बघते.

पहिल्याचा विक्रेता ताल्लिनहून पडद्यावर आला.
नाव रास्मुस, दात फार स्वच्छ.
म्हणाला, इकडे गिऱ्हाईक, इकडे महसूल,
दोन्ही एका ताटात वाढलेलं.
माणशी महिना एकोणचाळीस युरो.
आम्ही तीन माणसं, त्यातला तार्वो नुसता चिखल मळतो.
त्याचेही एकोणचाळीस?
रास्मुस हसला आणि दुसरा आलेख उघडला.

दुसऱ्याला विक्रेताच नाही.
चौदा दिवस फुकट, आणि एक रिकामा चौकोन:
तुमचा पहिला ग्राहक भरा.

मग मी मैमूचा बिस्किटांचा डबा उतरवला.
एकतीस वर्षं तिनं हे दुकान त्या डब्यातून चालवलं,
एका गिऱ्हाइकाला एक कार्ड, अक्षर मुंगीचं.

कास्क, लेइदा. हिरव्या फरशीची शेगडी, १९८४.
कुत्रा चावतो, पण फक्त डाव्या बुटाला.
२००३, राखेच्या दाराला नवी कडी.
पैसे बटाट्यांत दिले. नाही म्हणू नये.

चलनाच्या यादीत बटाटे नाहीत.
ग्राहक कुठून आला, या रकान्यात
जाहिरात, संकेतस्थळ, ओळख, इतर.
ही बाई शेजारच्या धुरांड्यातला धूर
सरळ वर जाताना बघून आली होती.
मी इतर निवडलं.
संध्याकाळपर्यंत दोनशे बारा माणसं
इतर झाली.

दोन्हीकडे तीच नावं भरली, तेच आकडे.
दुसरं गप्प राहिलं.
पहिल्यानं लेइदा कास्कला लाल केलं:
शेवटचा व्यवहार चाळीस वर्षांपूर्वी.
निद्रिस्त.
गमावण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के.
आजच संपर्क साधा.

मी साधला.
बराच वेळ वाजत राहिलं. मग,
कोण? शेगडीवाले? काय बिघडलंय?
म्हटलं, आमचं काही नाही, तुमचं?
आमचं कशाला बिघडेल, ती म्हणाली,
आणि जरा हळू बोल,
मांजर वर झोपलंय.

यावर कोणता रकाना भरायचा?
आमची शेगडी चांगली झाली, की माणूस पुन्हा येत नाही.
त्याचा मुलगाही येत नाही.
वर्षामागून वर्षं दुकानात कुणी येत नाही
आणि हिल्लार खूश असतो.
रास्मुसच्या आलेखात ही रेघ खाली जाते,
लाल, थेट तळाशी,
तिथं आमची सगळ्यात जुनी, सगळ्यात ऊबदार घरं.

म्हणून रात्री मी एकच परीक्षा घेतली.
नुकत्याच बांधलेल्या शेगडीचं कार्ड उघडलं,
पुढच्या भेटीची तारीख टाकली:
३ नोव्हेंबर २०६४.

पहिलं म्हणालं, कृपया योग्य तारीख निवडा.
दुसऱ्यानं घेतली.
काही विचारलं नाही, नुसती छोटी हिरवी खूण.

महाग पडेल हे, सकाळी मी हिल्लारला सांगितलं,
महिन्याला सहा युरो जास्त,
आणि विक्रीचा अंदाज धड सांगत नाही.
त्याचे हात कोपरापर्यंत मातीत होते,
त्यानं लांबूनच, मान वाकडी करून पडदा वाचला.

कोणता वार येतो?
सोमवार, मी म्हटलं.
सोमवारी तर आपण धुरांडी साफ करतो, तो म्हणाला,
मंगळवार कर.

मी केला.